एका रूममेटची की दोघांची? वसतिगृहाच्या इंग्रजी नियमपत्रकातले अपॉस्ट्रॉफी

तिघांच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे पाहुणा यायचा आहे. वसतिगृहाच्या इंग्रजी नियमपत्रकातले कलम ६ सांगते की पाहुण्याला रात्री ठेवून घ्यायचे तर आधी “युअर रूममेट’स कन्सेंट” हवी. तो एका सोबत्याला विचारतो, सोबती हो म्हणतो, पाहुणा येऊन राहतो. दुसऱ्या दिवशी तिसरा तक्रार करतो. दोघेही रेक्टरांपुढे तेच कलम धरतात.

छापील शब्दांना धरून पाहिले तर पाहुणा आणणाऱ्याचे म्हणणे टिकते. अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह (’) इंग्रजी एस या अक्षराच्या आधी आहे, म्हणजे सोबती एक. मूळ मराठी नियमात मात्र “खोलीतील सोबत्यांची संमती” असे होते, आणि नियम करणाऱ्यांच्या मनात दोघांचीही संमती होती. त्या नियमातला अनुस्वार इंग्रजीत उतरताना गळला.

हे १४ कलमांचे, दोन पानी नियमपत्रक अभ्यासासाठी जुळवलेले आहे. त्यातल्या चुका मात्र रोज कुठे ना कुठे छापून येणाऱ्याच आहेत. वाचण्याची सोय अशी ठेवली आहे: इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत, शब्दाच्या शेवटी जोडलेला स म्हणजे इंग्रजीतले एस हे अक्षर (उच्चार झ असला तरीही), आणि ’ ही खूण जिथे दिसते तिथेच ती इंग्रजीतही येते. त्यामुळे “बॉय’स” म्हणजे एका मुलाचा, “बॉयस” म्हणजे नुसते अनेक मुलगे, आणि “बॉयस’” म्हणजे अनेक मुलांचा. उच्चार तिन्हींचा एकच. कानाला फरक कळत नाही, म्हणून तर सगळा भार त्या इवल्याशा खुणेवर येतो.

अनुस्वाराची कसोटी, आणि ती कुठे फसते

मराठीत षष्ठीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते आणि वचन त्या सामान्यरूपातच कळते: मुलाची खोली, मुलांची खोली. इंग्रजीत हेच काम खुणेची जागा करते. म्हणून मराठी माणसासाठी पहिली कसोटी अगदी सोपी आहे. वाक्य मराठीत म्हणायचे आणि चा-ची-चेच्या आधी अनुस्वार येतो का ते पाहायचे. विद्यार्थ्याची वही, तर “स्टुडंट’स नोटबुक”. विद्यार्थ्यांची सभा, तर “स्टुडंट्स’ मीटिंग”. कलम ६ ला ही कसोटी लावली की दुरुस्ती लगेच सुचते: “युअर रूममेट्स’ कन्सेंट”.

पण ही कसोटी डोळे मिटून वापरता येत नाही, आणि याच पत्रकाचे कलम २ त्याचा पुरावा आहे. तिथे छापले आहे “द रेक्टरस’ परमिशन”. वसतिगृहाला रेक्टर एकच. मग अनेकवचन आले कुठून? मूळ मराठीतल्या “रेक्टरांची परवानगी” यातून. हा अनुस्वार संख्येचा नाही, आदराचा आहे. आपण सरांची वही म्हणतो, वडिलांचे घर म्हणतो, डॉक्टरांचा सल्ला म्हणतो. माणूस प्रत्येक वेळी एकच असतो. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नसल्यामुळे वडिलांचे घर “माय फादर’स हाऊस” असेच होणार, आदर कितीही असला तरी. मराठीतून इंग्रजीत आलेल्या कार्यालयीन कागदांत ही चूक विशेष दिसते, आणि तपासणाऱ्याच्या हातून निसटते, कारण “रेक्टरस’” हे रूप व्याकरणात चुकीचे नाही. ते फक्त दुसरीच गोष्ट सांगते: रेक्टर एकाहून अधिक आहेत.

कलम ३ याहून अवघड. मराठी मूळ: “रजेच्या अर्जावर पालकांची सही आवश्यक.” हा अनुस्वार आदराचा की संख्येचा? वडील किंवा आई यांपैकी एकाची सही चालेल, की दोघांची हवी? मराठी वाक्य दोन्ही अर्थांना जागा देते आणि मराठी वाचणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. इंग्रजीला असे अधांतरी राहता येत नाही. “अ पेरेंट’स सिग्नेचर” म्हटले की एकाची पुरे, “बोथ पेरेंट्स’ सिग्नेचरस” म्हटले की दोघांच्या हव्यात. या पत्रकात “पेरेंट’स” छापले गेले ते अनुवाद करणाऱ्याच्या सवयीने. ठरवून कोणीच काही केले नव्हते. इथे व्याकरणाचे पुस्तक उघडून उपयोग नाही. नियम करणाऱ्याला फोन करून किती जणांची सही असे विचारायचे आणि उत्तर आले की खूण ठेवायची. कलम ६ चा वाददेखील असाच टळला असता.

इंग्रजी मजकुरातच सुगावा असेल तर विचारायची गरज पडत नाही. मालकाच्या आधी “इच”, “एव्हरी”, “अ” किंवा “वन” आले असेल तर तो सहसा एकवचनी: “इच रेसिडेंट’स डिपॉझिट”. “ऑल”, “बोथ”, “सेव्हरल” किंवा दोन-तीन असा आकडा असेल तर अनेकवचनी: “ऑल रेसिडेंट्स’ डिपॉझिट्स”. मालकीची वस्तू एक की अनेक याचा खुणेशी काही संबंध नाही. एका मुलाची दहा पुस्तके असली तरी “द बॉय’स बुक्स”, दहा मुलांची मिळून एक खोली असली तरी “द बॉयस’ रूम”. पुढच्या नामाकडे पाहून मागच्या नामाची खूण हलवणे ही फार जुनी सवय आहे आणि ती सुटायला वेळ लागतो.

आधी मालक पुरता लिहा

खूण कुठे ठेवायची याची रीत दोन पायऱ्यांची आहे. आधी मालकाचे नाव, त्याला हवे त्या वचनात, संपूर्ण लिहायचे आणि पेन उचलायचे. मग शेवटचे अक्षर पाहायचे. शब्द अनेकवचनी असून एसने संपत असेल तर नुसती खूण पुरे. बाकी सगळीकडे खूण आणि तिच्यामागे एस. दोन्ही वेळी खूण येते ती मालकाचे नाव पूर्ण झाल्यावरच. नावाच्या पोटात ती कधीच शिरत नाही.

कलम ७ मध्ये ती पोटात शिरली आहे. स्त्री अभ्यागतांच्या स्वच्छतागृहासाठी तिथे एल-ए-डी-आय-ई, मग खूण, मग एस असे छापले आहे. खुणेच्या डावीकडे उरलेले “लेडी” शेवटी आय-ई घेऊन आले आहे, आणि असा शब्द इंग्रजीत नाही. एकवचन वायने संपते, अनेकवचन आय-ई-एसने. म्हणजे एका स्त्रीसाठी वायनंतर खूण आणि एस. अनेक स्त्रियांसाठी आय-ई-एस आणि त्यानंतर खूण. खुणेच्या डावीकडचा भाग बोटाने झाकून पाहण्याऐवजी उजवीकडचा झाकावा: जे उरते तो खरा शब्द नसेल तर खूण चुकली.

त्याच कलमात “चिल्ड्रनस’ प्ले एरिया” आहे. अनुस्वाराची कसोटी इथेही तोंडघशी पाडते. मुलांची जागा, अनुस्वार आहे, म्हणून एसच्या पुढे खूण असे मन म्हणते. पण उजवा भाग झाकला की “चिल्ड्रनस” उरते, आणि असे अनेकवचन नाही. “चिल्ड्रन” स्वतःच अनेकवचन आहे आणि एनने संपते, म्हणून “चिल्ड्रन’स”. याच घरातले “मेन’स”, “विमेन’स”, “पीपल’स”. मेंढीला इंग्रजीत दोन्ही वचनांत एकच शब्द असल्याने “शीप’स” हे एका मेंढीचे आणि कळपाचेही. तिथे खूण वचन सांगूच शकत नाही.

हे असे का, याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत अनेक नामांची एकवचनी षष्ठी ई-एस जोडून होत असे. पुढे त्यातल्या ईचा उच्चार लोपला. गाळलेल्या अक्षराच्या जागी ठेवायची ही खूण सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या प्रभावाने इंग्रजीत आली आणि हळूहळू षष्ठीची ओळख बनली. आधी ती एकवचनात रुळली. अनेकवचनातल्या एसच्या मागे ती ठेवण्याची पद्धत त्याही नंतर पक्की झाली, आणि तिथे मुळात गाळलेले असे काहीच नव्हते. ती केवळ डोळ्यांच्या सोयीची खूण आहे. म्हणूनच ती बोलण्यात उतरत नाही.

चा दिसला की खूण, ही सवय

कलम १ चा दोष उलट्या जातीचा आहे. “स्टुडंट’स मस्ट साइन द रजिस्टर.” इथे कोणाचे काहीच नाही. विद्यार्थ्यांनी सही करायची आहे, एवढेच. नुसते अनेकवचन, खूण नको: “स्टुडंट्स”. कलम १४ मधले “आयडी’स” आणि “१९९०’स” यांचीही तीच गत. आद्याक्षरांचे आणि दशकांचे अनेकवचन आज सर्वसाधारणपणे खुणेशिवायच लिहितात. अपवाद सुट्या लहान अक्षरांचा. ए, आय किंवा यू या अक्षरांपुढे नुसते एस लिहिले तर अनुक्रमे अ‍ॅज, इज आणि अस असे वेगळेच शब्द तयार होतात, म्हणून तिथे खूण ठेवणे शहाणपणाचे.

कलम ८: “द हॉस्टेल अँड इट’स प्रिमायसेस”. मराठीत “त्याचा परिसर”. चा आहे, म्हणून खूण आली. पण इंग्रजी सर्वनामांना षष्ठीसाठी खूण लागत नाही: “हिज”, “हर्स”, “अवर्स”, “युअर्स”, “देअर्स” आणि याच रांगेतले “इट्स”. खूण असलेले “इट’स” म्हणजे इट इज किंवा इट हॅज. तपासताना ते उलगडून वाचावे. “द हॉस्टेल अँड इट इज प्रिमायसेस” हे कानालाच खटकते, म्हणजे खूण काढायची. कलम १० मधले “अ स्टुडंट हू’स डिपॉझिट” याच पद्धतीने पकडता येते; तिथे षष्ठीचे “हूज” हवे, ज्याचे स्पेलिंग डब्ल्यू-एच-ओ-एस-ई. मात्र “समवन”, “एव्हरीवन”, “वन” यांना नामासारखीच खूण लागते, आणि “समवन एल्स’स रूम” मध्ये ती एल्सला चिकटते, समवनला नाही.

कलम ४ मधले “द रूम’स की” व्याकरणदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही, पण इंग्रजी असे बोलत नाही. खोलीची किल्ली “रूम की”, टेबलाचा पाय “टेबल लेग” किंवा “द लेग ऑफ द टेबल”. मराठीतला चा माणसांना, वस्तूंना, कल्पनांना सारखाच लागतो. इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी एस मुख्यतः सजीवांकडे, संस्थांकडे आणि काळाकडे झुकतो.

काळाचा उल्लेख झालाच आहे तर कलम ९ पाहू. तिथे “टू वीक’स नोटिस” आणि “वन मंथस रेंट” असे एकाच ओळीत आहे. एकीकडे खूण चुकीच्या जागी, दुसरीकडे नाहीच. दोन आठवड्यांची सूचना, म्हणून “टू वीक्स’ नोटिस”. एका महिन्याचे भाडे, म्हणून “वन मंथ’स रेंट”. इथे अनुस्वाराची कसोटी चोख चालते, कारण आठवड्यांना कोणी आदरार्थी अनेकवचन लावत नाही. हेच संयोगचिन्ह घालून विशेषणासारखे लिहिले तर ना अनेकवचन राहते ना खूण: “अ टू-वीक नोटिस पीरियड”. दोन्ही रचना बरोबर, पण त्यांची खिचडी करून “टू-वीक्स’ नोटिस” लिहू नये.

दोघांचे एक, की प्रत्येकाचे वेगळे

कलम १२: “द रेक्टर’स अँड द अकाउंटंट’स ऑफिस.” वसतिगृहात रेक्टर आणि लेखापाल एकाच खोलीत बसतात. वाचणारा मात्र दोन दारे शोधेल. गंमत अशी की इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. “रवी आणि मीनाचे घर” म्हणजे दोघांचे मिळून एक, “रवीचे आणि मीनाचे घर” म्हणजे दोन घरे. इंग्रजीतही सामाईक मालकी असेल तर खूण शेवटच्याच नावाला, वेगवेगळी असेल तर प्रत्येकाला. म्हणून दुरुस्ती: “द रेक्टर अँड अकाउंटंट’स ऑफिस”. यातून रेक्टर आणि लेखापाल ही एकच व्यक्ती असाही समज होऊ शकतो. तशी शंका वाटली तर “द ऑफिस शेअर्ड बाय द रेक्टर अँड द अकाउंटंट” लिहावे आणि खुणेपासून सुटका करून घ्यावी. सर्वनाम आले की मात्र हा नियम बदलतो. “मीना अँड माय हाऊस” असे होत नाही, “मीना’स अँड माय हाऊस” असेच लिहावे लागते.

एसने संपणारी नावे

कलम ११ मध्ये लेखापालांचे नाव येते: “मिस्टर दास’ ऑफिस”. इथे चूक म्हणून लाल रेघ ओढण्याआधी थांबावे, कारण या बाबतीत इंग्रजीतच दोन पद्धती आहेत. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या पद्धतीत एसने संपणाऱ्या विशेषनामाला नुसती खूण लागते: “दास’”. पुस्तकांच्या छपाईत जास्त रूढ पद्धत खूण आणि एस दोन्ही घेते: “दास’स”, “जेम्स’स”, “श्रीनिवास’स”. बोलताना बहुतेक जण “दासेस” असाच उच्चार करतात, म्हणून दुसरी पद्धत कानाला अधिक प्रामाणिक वाटते. कोणतीही घ्या, पण एका कागदात एकच. या पत्रकात कलम ११ मध्ये “दास’” आणि कलम १३ मध्ये “दास’स” आहे. खरा दोष तो. सामान्यनामांच्या बाबतीत एवढी मोकळीक घेऊ नये: साहेबांचा आदेश “द बॉस’स ऑर्डर”, अनेक साहेबांचा “द बॉसेस’ ऑर्डर”.

आडनावाचे अनेकवचन हा वेगळा खड्डा. जोशी कुटुंबाचे घर म्हणजे “द जोशीस’ हाऊस”. दास कुटुंबाचे “द दासेस’ हाऊस”. दारावरच्या पाटीवर “द जोशी’स” लिहितात ते एकट्या कोणा जोशीचे काहीतरी, आणि ते काहीतरी लिहायचे राहून गेले, असे वाचले जाते.

शीर्षकातले बॉयस हॉस्टेल

पत्रकाच्या माथ्यावर “बॉय’स हॉस्टेल” आहे. एका मुलासाठी अख्खे वसतिगृह, हा अर्थ नक्कीच नको. उरतात दोन पर्याय: “बॉयस’ हॉस्टेल” आणि खुणेशिवाय “बॉयस हॉस्टेल”. दुसऱ्यात बॉयस हा शब्द मालक नसून विशेषणासारखा येतो, मुलांसाठी असलेले वसतिगृह या अर्थाने, आणि पाट्यांवर तो मान्य आहे. पण ही सवलत एसने संपणाऱ्या अनेकवचनालाच आहे. “विमेनस हॉस्टेल” असे खुणेशिवाय लिहिता येत नाही, कारण “विमेनस” हा शब्दच नाही. तिथे “विमेन’स” हवेच.

अधिकृत नावांत व्याकरणाचे काही चालत नाही, ज्याचे नाव त्याची मर्जी. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकाडिली मार्गावर अर्ल’स कोर्ट आणि त्याच्या पुढचेच बॅरन्स कोर्ट, पहिल्यात खूण आहे, दुसऱ्यात नाही. अमेरिकेचे भौगोलिक नावांचे मंडळ १८९० पासून आहे. नकाशावरच्या नावांत मालकीची खूण ते सहसा ठेवत नाही, मार्था’स विनयार्डसारख्या मोजक्या नावांना तेवढी सूट मिळाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दिवसाच्या सरकारी नावात खूण नाही, मातृदिनाच्या नावात आहे, आणि तीही एकवचनी. म्हणून वसतिगृहाच्या नोंदणीपत्रात नाव जसे आहे तसेच शीर्षकात उतरवावे, आणि आतल्या मजकुरात नियम पाळावा.

छपाईआधीची शेवटची फेरी

दुरुस्ती करताना पत्रक दोनदा चाळावे लागते. पहिल्या फेरीत प्रत्येक खूण शोधायची आणि तिच्यामागे खरेच कोणी मालक आहे का ते पाहायचे. “स्टुडंट’स मस्ट” इथेच सापडते. दुसऱ्या फेरीत एसने संपणारा आणि पुढे नाम असलेला प्रत्येक शब्द पाहायचा, कारण “वन मंथस रेंट” सारखी गळालेली खूण शोधून सापडत नाही. या फेरीला वेळ जास्त लागतो आणि बहुतेक जण ती करतच नाहीत. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवर विसंबू नये: “रेक्टर’स” आणि “रेक्टरस’” दोन्ही तिला शुद्धच दिसतात, आणि रेक्टर किती आहेत हे तिला ठाऊक नसते.

शोधताना एक तांत्रिक गोम आहे. कळफलकावरची सरळ खूण आणि छपाईतली वळणदार खूण ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतप्रणालीत, दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि काही संपादन-प्रणालींत एक शोधली तर दुसरी सापडत नाही. दोन्ही शोधाव्यात आणि शेवटी सगळीकडे वळणदार करून घ्यावी.

कलम १४ मध्ये २०२४ ची तुकडी आकडे गाळून “’२४” अशी लिहिली आहे. आकड्याच्या आधी खूण टाइप केली की संगणक ती अवतरण उघडते आहे असे समजून उलटी वळवतो. तिथे ती कळ दोनदा दाबायची आणि दोहोंपैकी पहिली खूण पुसून टाकायची. उरते ती योग्य दिशेला वळलेली असते.